आईसाठी घेतलेलं मोठ्या अक्षरातलं पवित्र शास्त्र, चार महिन्यांनी लिहितोय

उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडे) आधी घेतलेलं. आई खानापूर तालुक्यात गावी असते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून जुन्या बायबलातली अक्षरं तिला लागेनात. इकडे बेळगावात कन्नड आणि इंग्लिश लगेच मिळतं बघा, पण मराठी आणि तेही मोठ्या टाइपातलं म्हणजे दोन दुकानं फिरून शेवटी कॅम्पात मिळालं.

अक्षर खरंच छान आहे, ठळक, लाइट गेली तरी आई बॅटरीवर वाचते. कागद पातळ, पलीकडची ओळ दिसते, आणि वजन इतकं की मांडीवर धरून हात भरून येतात म्हणून ती उशीवर ठेवते. वरच्या कव्हरची झिप दुसऱ्याच महिन्यात गेली.

पण मला सांगायचंय ते वचनांच्या खाली दिलेल्या संदर्भांबद्दल. आई जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचा 16 वा अध्याय वाचत होती, प्रायश्चित्ताचा दिवस, दोन बकरे, एकाचा बळी द्यायचा आणि दुसऱ्याच्या डोक्यावर महायाजकाने दोन्ही हात ठेवून सगळ्या लोकांची पापं कबूल करायची आणि त्याला रानात सोडून द्यायचं, आणि हे दरवर्षी. तिथल्या संदर्भावरून ती इब्री लोकांस पत्र, 9 आणि 10 अध्यायाला गेली, तिथं लिहिलंय की ख्रिस्ताचं अर्पण एकदाच झालं आणि ते कायमचं. आमच्याकडे लक्ष्मीची जत्रा झाली की शेजारच्या मावशी नेहमी विचारायच्या, तुमच्यात बकरं का नाही हो कापत? आईला इतकी वर्षं उत्तर नीट सांगता यायचं नाही, आता ती पान उघडून दाखवते, मावशी पण बसून ऐकतात.

कमी काय वाटलं तर नाण्यांचा अर्थ कुठेच नाही. मत्तय 18 मधला दाखला, धन्याने दासाचं दहा हजार तलांतांचं कर्ज सोडलं आणि त्या दासाने सोबत्याला शंभर दिनारांसाठी तुरुंगात टाकलं. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि एक तलांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, एवढं एका ओळीत छापलं असतं तर किती बरं झालं असतं. मी हिशेब करून सांगितला तेव्हा आई म्हणाली, म्हणजे शंभर दिवसांची मजुरी, ती पण काय थोडी नाही रे.

ते तिने का म्हटलं ते मला माहीत आहे. काकांनी बोअरवेलसाठी तिच्या पाटल्या गहाण टाकायला नेल्या, त्या कधी सुटून आल्याच नाहीत, त्याला अकरा वर्षं झाली, बोलणं बंद. मी इतके दिवस समजत होतो की माफ करणं म्हणजे जाऊ दे, काही झालंच नाही म्हणायचं. तसं नाहीये. धन्याने कर्ज सोडलं तेव्हा ते पैसे कुठे हवेत नाही गेले, तोटा त्याने स्वतः सोसला. क्रुसावर पण तेच, ज्याच्याविरुद्ध अपराध झाला त्यानेच किंमत भरली, आणि खिळे ठोकणाऱ्यांसाठी बापाकडे क्षमा मागितली. आई त्या दिवशी म्हणाली, पाटल्या गेल्या तो तोटा माझा, मी भरला म्हणून समज, आता कोणी मागायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः काकांच्या दारात गेली, काकांनी तोंड दुसरीकडे फिरवलं, तरी चहा झाल्याशिवाय ती उठली नाही.

मला अजून जड जातंय, खोटं कशाला सांगू. पण काकांची पण नजर कमी झालीय आणि आईने त्यांच्यासाठी असंच एक आणायला सांगितलंय, येत्या शनिवारी कॅम्पात जाऊन घेणार, फक्त या वेळी झिपचं कव्हर नको, साधं पुठ्ठ्याचं.