नव्या शहरातली जिम आणि धावण्याचे मार्ग : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नव्या शहरात राहायला आल्यावर व्यायामाची घडी पुन्हा बसवण्यासाठी मी जी जिम आणि धावण्याचे जे मार्ग निवडले, ते आता ऋतू पालटेपर्यंत नेमाने वापरून झाले आहेत. त्यामुळे त्यांच्याविषयी सविस्तर लिहायला हरकत नाही. या काळात एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे, ती म्हणजे जिम असो वा रस्ता, आपण ज्या वेळेला तिथे जाणार त्या वेळेला ती जागा कशी असते हे पाहिल्याशिवाय तिच्याविषयी काहीही ठरवू नये. यंत्रे किती, परिसर किती हिरवा, नाव किती मोठे, हे सगळे प्रश्न त्यानंतरचे.

आधी जिमविषयी. माझ्यासमोर दोन पर्याय होते. एक जिम प्रशस्त आणि नवी होती, पण घरापासून ऑफिसच्या बरोबर उलट दिशेला. दुसरी मध्यम आकाराची, काहीशी जुनी, परंतु ऑफिसहून घरी येण्याच्या वाटेवरच. मी दुसरी निवडली आणि आजही मला ती निवड योग्य वाटते. ऑफिस सुटल्यावर आधी घरी जायचे, कपडे बदलायचे आणि पुन्हा बाहेर पडायचे म्हटले की व्यायामाला जावे की नाही हा प्रश्न रोज नव्याने उभा राहतो आणि थकलेल्या माणसाचे त्यावरचे उत्तर बहुधा ठरलेले असते. जिम वाटेतच असली तर तो प्रश्नच पडत नाही. शहर नवे असताना, जेव्हा किराणा कुठून आणायचा इथपासून प्रत्येक गोष्ट विचार करून ठरवावी लागते, तेव्हा एक निर्णय कमी होणे ही फार मोठी सोय असते.

सदस्यत्व घेण्यापूर्वी जिम दाखवण्यासाठी बोलावतात ते बहुतेक वेळा दुपारी, जेव्हा तिथे चार-पाच माणसेच असतात. मी संध्याकाळी सातची वेळ मागून घेतली आणि नुसते पाहून न येता तासभर प्रत्यक्ष व्यायाम केला. अशा वेळी रॅक (वजनाचा बार टेकवायच्या चौकटी) किती आहेत यापेक्षा एका रॅकसाठी किती जण थांबले आहेत हे मोजावे. दुसरे असे की थांबलेल्या माणसाने ‘तुमचे किती सेट राहिलेत?’ असे विचारल्यावर समोरचा काय उत्तर देतो, याकडे लक्ष द्यावे. आमच्या जिममध्ये ‘तीन राहिलेत, मध्ये मध्ये मारा की’ (म्हणजे माझ्या दोन सेटच्या, आवर्तनांच्या, मधल्या विश्रांतीत तुम्ही करून घ्या) हे उत्तर सर्रास ऐकू येते आणि गर्दीच्या वेळीही माझा व्यायाम वेळेत आटोपतो, तो प्रामुख्याने या रीतीमुळे. वापरून झाल्यावर प्लेट जागेवर लावणे, बेंच पुसणे, डंबेल क्रमाने ठेवणे या सवयीही त्याच गर्दीच्या तासात खऱ्या कळतात, कारण रिकामी जिम नेहमीच नीटनेटकी दिसते.

साहित्याच्या बाबतीत माझ्या अपेक्षा मर्यादित, पण ठाम आहेत. प्लेट लावून उचलायच्या लांब दांड्याचे, म्हणजे प्रमाणित ऑलिंपिक बारचे, वजन २० किलो असते आणि स्त्रियांच्या बारचे १५ किलो. हा दुसरा बार थोडा बारीकही असतो, त्यामुळे लहान हातांना त्याची पकड चांगली येते. इथे दोन्ही प्रकारचे बार आहेत, ही गोष्ट मी विशेष करून नोंदवते, कारण अनेक जिममध्ये १५ किलोचा बार नसतोच. बारच्या टोकांवरचे प्लेट चढवण्याचे भाग सहज फिरतात की नाही, हेही हाताने फिरवून पाहावे. ते अडकत असतील तर वजन उचलताना मनगटावर नको तेवढा ताण येतो. स्मिथ मशीनचा (उभ्या रुळांवर वरखाली सरकणारा) बार मात्र यंत्रागणिक वेगवेगळ्या वजनाचा असतो, कारण अनेक यंत्रांत त्याला हलका करणारा प्रतिभार जोडलेला असतो. म्हणून जुन्या जिममधला आकडा डोळे झाकून नव्या यंत्रावर लावू नये. पहिला आठवडा हलक्या वजनापासून सुरुवात करून नोंदी नव्याने कराव्यात.

केबल मशीनजवळ थोडे अधिक थांबावे. केबल जिथे कप्पीवरून वळते तिथे तिच्यावरचे प्लास्टिकचे आवरण आधी पांढुरके पडते, मग त्याला बारीक आडव्या चिरा जातात आणि शेवटी आतल्या तारा दिसू लागतात. मोबाइलचा टॉर्च लावून बोटभर भाग निरखला तरी यंत्राची देखभाल कशी होते, याचा अंदाज येतो. माझ्या जिममध्ये एका यंत्राची केबल अशी चिरलेली आढळली होती. सांगितल्यावर त्याच दिवशी त्यावर ‘बंद’ अशी पाटी लागली, पण नवी केबल यायला बराच काळ गेला. यंत्र तत्काळ बंद केले हे चांगलेच झाले. दुरुस्तीतली दिरंगाई मात्र मला खटकली आणि ती आजही या जिमची सर्वांत उणी बाजू आहे.

दुसरी तक्रार संगीताच्या आवाजाची. अमेरिकेतील ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्यविषयक संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आवाजात आठ तासांपेक्षा जास्त राहू नये आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला ती एका तासावर येते. संध्याकाळचा आवाज माझ्या फोनवरच्या मापनात याच्या जवळपास जातो. फोनचे मापन काटेकोर नसते हे मान्य, पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर आवाज जास्त आहे, हे कळायला यंत्राची गरज नाही. विनंती केल्यावर आवाज कमी होतो आणि दोन-चार दिवसांत पुन्हा वाढतो. मी इअरप्लग वापरते आणि व्यवस्थापनाला सांगणेही सोडलेले नाही.

कराराबाबत एवढेच सांगते की सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी पाहाव्यात : आजारपणात किंवा प्रवासात सदस्यत्व गोठवता येते का, मध्येच सोडल्यास उरलेल्या रकमेचे काय होते आणि मुदत संपल्यावर ते आपोआप पुढे चालू होते का. मी पाहिलेल्या एका जिममध्ये ‘ही सवलत फक्त आजच’ असे सांगून घाई केली गेली आणि कराराची प्रत घरी नेऊन वाचायला नकार मिळाला. तिथून मी तशीच परत आले. शहर बदललेल्या माणसाने पहिल्याच महिन्यात वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण घर, ऑफिसच्या वेळा आणि येण्याजाण्याचा रस्ता यांपैकी काहीही तोवर स्थिर झालेले नसते.

धावण्याचे मार्ग शोधणे हे जिमपेक्षा कठीण काम निघाले आणि अधिक आनंदाचेही. सुरुवात नकाशावरून केली. धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपच्या हीटमॅपवर जिथे लोक जास्त धावतात त्या रेषा उजळ दिसतात, आणि अनोळखी शहरात पहिला अंदाज घेण्यासाठी याहून सोपे साधन मला माहीत नाही. पण साध्या हीटमॅपवर पहाटेची वर्दळ आणि रात्रीची वर्दळ एकाच उजेडात मिसळलेली असते, त्यामुळे माझ्यासारख्या एकटीने धावणाऱ्या स्त्रीला जी गोष्ट सर्वांत आधी हवी तीच त्यातून कळत नाही. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशात स्वयंसेवक रस्त्याचा पृष्ठभाग कोणता आणि तिथे दिवे आहेत की नाहीत, याचीही नोंद करतात; जिथे अशा नोंदी आहेत तिथे त्या फार उपयोगी पडल्या. आणखी एक सूचना : ॲपमध्ये घराभोवतीचा टप्पा लपवण्याची सोय असते, ती पहिल्याच दिवशी चालू करावी. धावण्याच्या नोंदींवरून काय काय उघड होऊ शकते हे जानेवारी २०१८ मध्ये जगाने पाहिले. त्या वेळी याच हीटमॅपवर ओसाड प्रदेशांतल्या लष्करी तळांच्या आकृत्या उमटलेल्या लोकांच्या लक्षात आल्या होत्या.

नकाशानंतर प्रत्येक मार्ग मी आधी चालून पाहिला आणि तोही ज्या वेळेला धावायचे त्याच वेळेला. पाण्याकाठचा एक मार्ग नकाशावर सर्वांत देखणा दिसत होता. सकाळी सहाच्या सुमारास तिथे चालणाऱ्यांची, धावणाऱ्यांची, सायकलस्वारांची भरपूर सोबत असते आणि दीर्घ पल्ल्याच्या धावेसाठी माझा तोच मार्ग आहे, कारण त्यावर एकही सिग्नल लागत नाही. रात्री आठनंतर मात्र त्याच मार्गावरच्या पुलाखालचा भाग पूर्ण अंधारात जातो, दोन्ही बाजूंना भिंत असल्यामुळे मधूनच बाहेर पडायला वाट राहत नाही आणि हाकेच्या अंतरावर कोणी नसते. म्हणून रात्रीसाठी मी वसाहतीतला एक लहानसा फेरा निवडला आहे. तो कंटाळवाणा आहे हे खरे, पण दिवे आहेत, खिडक्या उघड्या असतात, माणसे जागी असतात आणि कुठूनही घरी वळता येते. मार्ग निवडताना सौंदर्याला पहिला क्रमांक देण्याचा मोह होतो. अंधारात धावणाऱ्याने तो आवरावा.

या फेऱ्यात एक बारकावा आहे, तो पायांनीच लक्षात आणून दिला. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मधोमध उंच आणि दोन्ही कडांना उतरता बांधलेला असतो. कडेने सलग धावताना एक पाऊल सतत दुसऱ्यापेक्षा खाली पडते, घोटा आतल्या-बाहेरच्या बाजूला किंचित कलतो आणि काही आठवड्यांनी एकाच बाजूच्या नडगीला किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दुखू लागते. पदपथ नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून रहदारीच्या विरुद्ध बाजूने धावावे, हा नियम मी मोडत नाही. त्यामुळे त्या रस्त्यावर उतार नेहमी एकाच बाजूला मिळतो. त्यावर मी काढलेला उपाय असा की आठवड्यातली निम्मी धाव सपाट पृष्ठभागावर ठेवायची, मग तो पदपथ असो, मैदान असो वा ट्रॅक.

ट्रॅकविषयी सांगायचे तर प्रमाणित ट्रॅकची फेरी ४०० मीटरची असते, पण ती फक्त पहिल्या लेनमध्ये. सार्वजनिक ट्रॅकवर आतल्या लेनमध्ये वेगाने धावणाऱ्यांना वाट देण्याची पद्धत आहे आणि बाहेरून धावले की अंतर वाढत जाते : चौथ्या लेनमध्ये फेरी सुमारे ४२२ मीटर भरते आणि आठव्या लेनमध्ये सुमारे ४५३. नव्या शहरात आपला वेग एकाएकी मंदावला असे वाटत असेल तर आधी आपण कोणत्या लेनमधून धावतो ते पाहावे. उंच इमारतींच्या भागातही असाच चकवा बसतो. तिथे उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतो, हातातले जीपीएस घड्याळ आपल्याला भलत्याच ठिकाणी दाखवते आणि वेगाचा आकडा वरखाली उड्या मारतो. उपग्रहाचे संदेश दोन फ्रिक्वेन्सीवर घेणाऱ्या घड्याळांत ही अडचण कमी होते, संपत नाही. अशा रस्त्यांवर मी वेग पाहतच नाही, श्वासावरून अंदाज घेते.

हवा आणि हवामान यांना इतके महत्त्व द्यावे लागेल असे सुरुवातीला कोणी सांगत नाही. आधीच्यापेक्षा उष्ण ठिकाणी आल्यावर शरीराला जुळवून घ्यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. रक्तातल्या द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके हळूहळू खाली येतात. तोवर वेगाचा आग्रह धरू नये. प्रदूषणाबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांसाठी) चोवीस तासांच्या सरासरीची मार्गदर्शक मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम इतकी ठेवली. थंडीच्या दिवसांत पहाटेची हवा स्वच्छच असते हा समज सगळीकडे लागू पडत नाही, कारण जमिनीलगतचा गार थर वरच्या उबदार थराखाली अडकतो आणि धूर त्यातच साचून राहतो. ऊन चढले की तो विरतो. उलट कडक उन्हाच्या दुपारी ओझोन वाढलेला असतो. त्यामुळे मी ऋतूप्रमाणे धावण्याची वेळ बदलते आणि जवळच्या मापन केंद्राचा त्या तासाचा आकडा पाहूनच बूट घालते.

आकडा वाईट असेल त्या दिवशी जिममधला ट्रेडमिल कामाला येतो. जोन्स आणि डाऊस्ट या संशोधकांच्या १९९६ च्या अभ्यासात असे दिसले होते की ट्रेडमिलला एक टक्का चढ दिल्यास बाहेर सपाटीवर धावण्याइतकीच ऊर्जा लागते, कारण आत वाऱ्याचा विरोध नसतो. हा अभ्यास तासाला साधारण १०.५ ते १८ किलोमीटर या वेगांसाठी होता. त्याहून सावकाश धावणाऱ्याला चढाची फारशी आवश्यकता नाही. आमच्याकडच्या ट्रेडमिलपैकी खिडकीजवळचा पट्टा दाखवलेल्या आकड्यापेक्षा जलद पळतो, हे पावलांची गती मोजल्यावर लक्षात आले, म्हणून मी नेहमी एकच ठरावीक यंत्र वापरते.

माझ्या सदस्यत्वाची मुदत आता संपत आली आहे आणि मी ते पुढे चालू ठेवणार आहे, मात्र पुन्हा तिमाहीच, कारण आमचे ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवण्याची चर्चा सुरू आहे. केबलच्या देखभालीविषयीची तक्रार नूतनीकरणाच्या अर्जासोबत लेखी देणार आहे. उत्तर काय येते ते कळले की या अनुभवात त्याची भर घालीन.