रावपुऱ्यातला लेसवाला फुटबॉल : घ्यावा का?

बडोद्यात रावपुऱ्याच्या एका गल्लीत चामडी सामानाचं दुकान आहे. तिथे मागणीप्रमाणे १८ पट्ट्यांचा, तोंडाला लेस असलेला जुन्या घडणीचा फुटबॉल शिवून मिळतो. बहुतेक लोक तो नाटकासाठी नाहीतर शोकेससाठी नेतात. पण दोन महायुद्धांमधल्या काळातला इंग्लंडचा एखादा साधा फुलबॅक, म्हणजे गोलकीपरपुढचा बचावपटू, दर दोन-चार हंगामांनी क्लब बदलणारा, कसा खेळत असेल हे समजून घ्यायचं असेल, तर पुस्तकांपेक्षा हा चेंडू जास्त सांगतो.

शिवण चोख आहे. मेण लावलेला दोरा, टाके आतून. कोरड्या चेंडूचं वजनही नियमात बसतं. तेव्हा नियम १३ ते १५ औंसांचा होता, १९३७ मध्ये तो १४ ते १६ झाला. मात्र हे वजन सामना सुरू होतानाचं. चामड्यावर कसलाच थर नाही, त्यामुळे पावसाळ्यात ओल्या गवतावर अर्धा तास खेळलात की चेंडू पाणी पितो आणि लांब जात नाही. असा चेंडू गोलसमोरून एका फटक्यात मध्यरेषेपलीकडे धाडणारा पाय, हेच त्या फुलबॅकचं भांडवल.

हवा भरायची रीत नीट पाळा. ब्लॅडर, म्हणजे हवेची आतली पिशवी, आत सरकवून घड्या काढा, पंपाने भरा, नळी दुमडून सुतळीने घट्ट आवळा, मग ती चामडी जिभेखाली सपाट दाबून लेस ओवा. नळी तिरकी राहिली तर तिथे उंचवटा येतो आणि चेंडू भलतीकडे उसळतो. लेस आरीने ओढताना टोक आत गेलं तर ब्लॅडर संपला. दुकानदार चामड्याची जाड लेस देतो, ती नको म्हणा. सुती मागा; १९३४ च्या विश्वचषकाच्या चेंडूलाही सुतीच होती. जाड लेस कपाळावर बसली की कातडी सोलवटते, आणि तेव्हा तर बदली खेळाडूच नसे. इंग्लिश लीगमध्ये ती सोय १९६५ मध्ये आली.

सोबत घोट्यापर्यंतचे बूटही मिळतात. टाचेत कडक, खिळ्यांनी ठोकलेले चामडी स्टड. झिजले की खिळे वर येतात. बूट सोडून द्या.

चेंडू घेतलात तर त्याच्यावर ऑफसाइडचे दोन्ही नियम खेळून बघा. १९२५ पर्यंत पुढे पास मिळताना आक्रमक आणि गोलरेषा यांच्यात किमान तीन विरोधक लागत, नाहीतर तो ऑफसाइड ठरे; म्हणून एक फुलबॅक पुढे सरकून त्याला ऑफसाइडमध्ये अडकवायचा सापळा लावी आणि दुसरा मागे राही. मग दोनच पुरेसे झाले. इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमधले एका हंगामातले गोल ११९२ वरून १७०३ वर गेले. मधल्या फळीतला सेंटर-हाफ बचावाला मागे आला, फुलबॅक कडेने धावणाऱ्या विंगरवर गेले. सापळ्यावर जगलेल्या मध्यमवयीन खेळाडूला सगळं नव्याने शिकावं लागलं, आणि तेही हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त ८ पौंड पगारावर. क्लबने नोंदणी धरून ठेवली तर करार संपल्यावरही लीगमधल्या दुसऱ्या क्लबात जाता येत नसे. मोकळं केलंच, तर पुढचा थांबा बहुधा लीगची सगळ्यात खालची पायरी, थर्ड डिव्हिजन.

ऑर्डर देताना दोन ब्लॅडर मागा. चेंडू भिजला तर उन्हात ठेवू नका, टाक्यांपाशी चामडं तडकतं. सावलीत, हवा थोडी कमी करून वाळवा आणि मग मेण-तेल शिवणीवर आधी चोळा, पाणी तिथूनच शिरतं.