पेंटियम फोरला साटा कार्ड बसवलं, चार स्टार

आमच्या डीटीपीच्या दुकानात एक पेंटियम फोरचा जुना पीसी अजून रोज चालतो. हसू नका, त्यावर पेजमेकर (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) आहे, वीस वर्षांच्या लग्नपत्रिका आहेत आणि रेडियम कापायचा प्लॉटर त्यालाच जोडलाय, कारण त्याला पॅरलल पोर्ट (जुन्या प्रिंटरची रुंद पिन) लागतं आणि नवीन पीसीला ते नसतं. महिनाभर त्याची ४० जीबीची आयडीई (जुन्या रुंद पट्टीच्या केबलची) हार्डडिस्क टकटक करत होती. नवी आयडीई आता बाजारात नाही, मिळते ती कोणाची तरी काढलेली, ती किती दिवस टिकणार. बोर्ड इंटेल ८४५ चा, त्यावर साटा, म्हणजे आताच्या डिस्क जोडायचं पोर्टच नाही. म्हणून पीसीआयमध्ये (बोर्डावरच्या जादा कार्डांच्या खाचेत) बसणारं दोन पोर्टचं साटा कार्ड मागवलं, सिलिकॉन इमेज ३११२ चिपवालं, साडेचारशेला.

बसवायला एक स्क्रू. डोकं खाल्लं ते ड्रायव्हरने. विंडोज एक्सपीत या चिपचा ड्रायव्हर नसतो, नव्याने एक्सपी टाकायची तर सुरुवातीलाच एफ सिक्स की दाबून फ्लॉपीतून द्यावा लागतो आणि फ्लॉपी ड्राइव्ह आमचा कधीच गेलाय. मग उलटं केलं, जुनी डिस्क तशीच ठेवली, आधी नुसतं कार्ड लावलं, एक्सपी चालू करून ड्रायव्हर टाकला आणि नंतर सगळं १२० जीबीच्या एसएसडीवर क्लोन मारलं (जसंच्या तसं उतरवलं), आयडीई काढली, बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) बूट स्कझीवर ठेवला (स्कझी म्हणजे डिस्क जोडायची आणखी एक जुनी पद्धत, जुन्या बायोसला हे कार्ड तेच वाटतं). कार्डाच्या सीडीत ड्रायव्हर दोन होते, एक रेडचा (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवायचा) एक साधा, कार्डच्या स्वतःच्या चिपवर जो बायोस असेल त्याचाच चालतो, पण कुठे काही लिहिलेलं नाही. मी पहिल्यांदा चुकीचाच टाकला, अख्खी दुपार गेली.

स्पीडचं म्हणाल तर एसएसडीच्या खोक्यावरचे सेकंदाला ५०० एमबी विसरा, पीसीआयचीच मर्यादा सेकंदाला १३३ एमबी आहे आणि तीही सगळ्या कार्डांत वाटून, मला ९० च्या आसपास मिळतात. तरी पेजमेकर पटकन उघडतं. एक्सपीत ट्रिम (पुसलेली जागा एसएसडीला कळवायची सोय) नाही, तिला मोकळी जागा मिळावी म्हणून २० जीबी मोकळीच सोडलीय.

अजून एक, जुन्या एसएमपीएसला (पीसीच्या पॉवर सप्लायला) साटाची पिन नसते, मोलेक्सचा (जुन्या चार पिनांच्या पॉवर प्लगचा) कन्व्हर्टर लागतो. तो घेताना प्लग एकसंध ओतीव प्लास्टिकचा असेल तर घेऊ नका, आत वायरी शॉर्ट होऊन जळाल्याचे फोटो भरपूर सापडतील, मागून वायरी वेगवेगळ्या दिसतात तो क्रिम्पवाला घ्या, दहावीस रुपये जास्त जातील.

एक स्टार कापला तो सीडीचा.