4 अँपचा स्मार्ट चार्जर: गाडी नऊ आठवडे उभी होती, पहिल्या सेल्फला चालू झाली, पण आधी डिकीचा दिवा तपासा

कामामुळे माझी गाडी वर्षातून दोनतीनदा महिना दोन महिने नुसती कव्हर घालून उभी असते आणि परत आलो की ठरलेलं, चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे मंद होणार, टक टक आवाज येणार आणि मग जंपर केबल घेऊन कुणाची तरी गाडी शोधायची. दोन बॅटऱ्या अशा गेल्या, दुसरी तर जेमतेम सव्वा वर्षाची होती, फार हळहळ वाटली. तिसरी बसवली तेव्हाच ठरवलं की आता हिला अशी मरू द्यायची नाही आणि हा चार्जर घेतला. सलग नऊ आठवडे लावून ठेवल्यावर लिहितोय.

माझ्याकडे आधी जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर होता, तो नुसता करंट ढकलत राहायचा, काढायला विसरलं की बॅटरी गरम, आतलं पाणी बुडबुडायला लागायचं आणि त्या बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, बंद गॅरेजमध्ये ते धोक्याचंच. हा तसा नाही. मी पहिल्या दिवशी मल्टिमीटर लावून बसलोच होतो, हळूहळू चढत 14.4 व्होल्टला गेला, तिथे बराच वेळ थांबला, बॅटरी भरत आली तसा करंट कमी करत गेला आणि सकाळी बघतो तर 13.6 वर उतरून शांत बसलेला. यालाच फ्लोट म्हणतात, बॅटरीतून जेवढं झिरपतं तेवढंच परत भरायचं, जास्त नाही. एजीएम बॅटरीसाठी (म्हणजे आतलं ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषून धरलेली बॅटरी) वेगळं बटण आहे, तिथे तो 14.7 पर्यंत जातो, त्यामुळे आपली बॅटरी कुठली आहे ते वरचं लेबल वाचूनच बटण दाबा.

आता हे सगळं कशाला, नुसती उभी तर आहे गाडी, असं मलाही वाटायचं. लेड ॲसिड बॅटरी, म्हणजे गाडीत असते ती नेहमीची, पूर्ण भरलेली असली की, काही तास विसावल्यावर, 12.6 ते 12.7 दाखवते, 12.2 म्हणजे साधारण अर्धी उतरली, आणि अशी अर्धपोटी बॅटरी पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेट कडक होऊन बसतं, मग नंतर कितीही चार्ज करा जुनी ताकद येत नाही. माझी सव्वा वर्षाची बॅटरी याच कारणाने गेली. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा असं सांगणारे खूप भेटतात, मीही शेजारच्या काकांना चावी देऊन तेच करून घ्यायचो. पण उतरलेली बॅटरी पाच मिनिटांच्या आयडलिंगवर भरत नाही, वर सायलेन्सर नीट तापतच नाही त्यामुळे आत पाणी साठून राहतं. काकांना उगाच त्रास दिला.

पण खरं सांगायचंय ते पुढे आहे. चार्जर लावायच्या आधी गाडी बंद असताना किती करंट खाते ते बघा. निगेटिव्ह टर्मिनल काढून केबल आणि बॅटरीच्या मधे मल्टिमीटर 10 अँपच्या रेंजवर लावायचा, दारं बंद, चावी गाडीपासून लांब, आणि अर्धा तास थांबायचं कारण हल्लीच्या गाड्यांचे कंट्रोल युनिट, म्हणजे आतले छोटे कॉम्प्युटर, झोपायला वेळ घेतात. मीटर मधे असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. 50 मिलिअँपच्या आत असेल तर ठीक, तरी 50 चा हिशोब केला तर दिवसाला 1.2 अँपअवर (एक अँप करंट तासभर घेतला की एक अँपअवर), महिन्याला 36, म्हणजे 45 अँपअवरची बॅटरी महिन्यात जवळजवळ रिकामी. माझ्या गाडीत अर्धा तास झाला तरी 0.44 अँप दाखवत होतं!

एकेक फ्यूज काढत गेलो, आतल्या दिव्यांचा फ्यूज काढला आणि आकडा धाडकन 20 मिलिअँपवर आला. मग डोक्यात आलं आणि फोनचं व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू करून फोन डिकीत ठेवला, डिकी बंद केली, मिनिटभराने उघडून बघितलं तर व्हिडिओत स्टेपनीचं कव्हर, टूलकिटची पिशवी सगळं लख्ख दिसतंय. डिकी बंद असताना दिवा चालूच. 5 वॅटचा एवढासा बल्ब, पण दिवसाला 10 अँपअवर खातो, चारपाच दिवसांत बॅटरी संपली. दोन बॅटऱ्या त्या बल्बने खाल्ल्या आणि मी बॅटरीला नावं ठेवत होतो. लॉकमधला स्विच बदलला आणि विषय संपला. हे न शोधता चार्जर लावला असता तर त्याने बिचाऱ्याने भागवलं असतं, पण लाइट गेली की परत तेच.

लाइटवरून आठवलं, वीज जाऊन आल्यावर हा आपोआप पुन्हा सुरू होतो, शेवटचा मोड लक्षात ठेवतो. मी मुद्दाम तीनचारदा स्विच बंद चालू करून बघितलं. काही चार्जर बटण दाबेपर्यंत नुसते लाइट लावून बसतात, आपण घरी नसताना त्यांचा काय उपयोग, त्यामुळे घेताना हे आधी विचारा.

टर्मिनलवर पांढरा हिरवट खार आला असेल तर तो काढल्याशिवाय काही लावू नका. आधी निगेटिव्ह सुटी करायची, म्हणजे पॉझिटिव्ह खोलताना पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. खायच्या सोड्याचं पाणी, जुना ब्रश, कोरडं करून घट्ट आवळायचं, मग वरून व्हॅसलिन. लावताना निगेटिव्ह शेवटी. सोबत रिंगवाली फ्यूज असलेली वायर येते, ती मी कायमची बसवून टाकली, आता बॉनेट उघडून नुसता प्लग जोडायचा. माझ्या निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरीत येणारा जाणारा करंट मोजणारा सेन्सर आहे, म्हणून काळी रिंग बॅटरीला न लावता बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावलीय, तुमच्याकडे असेल तर तसंच करा, नाहीतर गाडीला चार्जिंगचा हिशोबच लागत नाही.

तक्रारी आहेत. सोबतचे चिमटे लेचेपेचे, स्प्रिंगमध्ये दम नाही. वायर आखूड आहे. जुनी, पूर्ण झोपलेली बॅटरी लावून बघितली तर हा चार्ज करायलाच तयार नाही, सरळ एरर दाखवतो. आणि हिरवा दिवा म्हणजे बॅटरी तब्येतीने चांगली असं समजू नका, खराब बॅटरीसुद्धा पटकन भरल्यासारखी दाखवते, ते लोड टेस्ट, म्हणजे बॅटरीवर मोठा भार टाकून व्होल्टेज किती पडतं ते बघितल्यावरच कळतं.

जिथे गाडी उभी करता तिथे प्लगच नसेल तर याचा उपयोग नाही, मग बॅटरी पूर्ण भरून निगेटिव्ह काढून ठेवा, घड्याळ आणि काचांचं ऑटो सेटिंग परत करावं लागेल तेवढंच. फक्त डिकी बटणावर उघडणारी असेल आणि बॅटरी डिकीत असेल तर डिकी बंद करायच्या आधी दहादा विचार करा, बॅटरी सुटी असताना बटण चालणार नाही.

परवा परत आलो, प्लग काढला, दोन तास थांबून मोजलं, 12.7. अर्ध्या सेल्फला इंजिन चालू. काकांकडची चावी परत आणलीय.