उभं राहिलं की रुसणारं इंजिन: दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात जुनं ८ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, घेतलं. बेलापूरच्या दिवाळे गावातून खाडीत जाळी टाकायला जातो, तेवढ्याला ताकद भरपूर. रोज चालवलं तर दुसऱ्या ओढीला सुरू. पण आठवडाभर उभं राहिलं की चोक ओढा, पेट्रोलच्या पाइपवरचा रबरी फुगा दाबा, दोरी खेचून खांदा निखळायची पाळी.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा होडी किनाऱ्यावर. नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात ढकलली आणि तीस-पस्तीस ओढी मारूनही इंजिन ढिम्म. बाबा म्हणाले, "वल्हं घे, भरती तुझ्यासाठी थांबत नाही." कोळंबीची ती वेळ गेलीच.

आधी प्लग बदलला, पैसे वाया. ठिणगी चांगली निळी होती. खरी खूण मी बघूनही सोडली होती: इतक्या ओढी मारून प्लग कोरडा. फुगा दाबून दगडासारखा घट्ट, म्हणजे पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत (जिथे ते हवेत मिसळतं) येतंय, पुढे इंजिनात जात नाही. (टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू बंद राहिला, असंही एकदा झालंय. ते घरी सांगितलं नाही.)

कार्बोरेटरची वाटी उघडली तर तळाला पिवळट, चिकट थर आणि वार्निशसारखा वास. पेट्रोल उडून जातं, मिसळलेलं ऑइल आणि गाळ मागे राहतो. पायलट जेट (पेट्रोल जायची बारीक भोकाची नळी) उजेडाकडे धरलं तर भोकातून काहीच दिसेना. तळाशी पाण्याचे दोन थेंबही होते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं, आणि खाडीवर ओलीला काय तोटा! वायरची एक बारीक तांब्याची तार घालून जेट मोकळं केलं, वर क्लीनरचा फवारा. सुई घालू नका, भोक मोठं होतं.

तेव्हापासून धंद्यावरून आलो की इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात धुतो आणि शेवटी पेट्रोलचा पाइप काढून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो. वाटीतलं पेट्रोल संपतं. पिंपाशिवाय हे करू नका, पाणी नसेल तर इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी पंखा जळतो. पेट्रोलही लागेल तेवढंच मिसळतो, १० लिटरला २०० मिली ऑइल. परवा बारा दिवसांनी तिसऱ्या ओढीला उठलं.

तक्रार एकच. वाटी रिकामी करायचा स्क्रू अशा कोपऱ्यात दिलाय की बोटं सोलतात. आणि वाटीचा गास्केट (गळती थांबवणारी पातळ चकती) उघडताना फाटला, नव्यासाठी दोन दिवस गेले. तो आधीच आणून ठेवा.