मायक्रोबायोमचं काम: सँपल बाहेर पाठवायचे की कोल्हापुरातच सिक्वेन्सिंग?

आपल्या भागातल्या कॉलेजात मायक्रोबायोमचं, म्हणजे शरीरात राहणाऱ्या बॅक्टेरियांचं, काम सुरू करायचं म्हटलं की गाडी इथंच अडते, सिक्वेन्सिंग (डीएनए वाचणं) बाहेरच्या कंपनीकडून करून घ्यायचं की छोटं नॅनोपोर मशीन आणून इथंच करायचं. आम्ही दोन्ही करून बघितलंय.

बाहेर पाठवायचे फायदे खरेच आहेत. कंपन्यांच्या इल्युमिना मशीनच्या रीड्समध्ये (वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांत) चुका कमी, सँपल भरपूर असले की सँपलमागं खर्चही कमी पडतो, आणि व्ही3-व्ही4 (बॅक्टेरिया ओळखायला वापरतात त्या 16एस जीनचा तुकडा) सगळ्यांच्या सवयीचं असल्यामुळं रिव्ह्यूअर फारसे अडवत नाहीत. स्टूलवर, म्हणजे शौचाच्या सँपलवर, काम असेल आणि एकच मोठी बॅच करून मोकळं व्हायचं असेल तर बिनधास्त बाहेर द्या.

आमचं काम आईच्या दुधावरचं. दुधात बॅक्टेरिया मुळातच थोडे, त्यामुळं किटमधून नाहीतर पाण्यातून आलेला डीएनए सँपलच्या बरोबरीनं दिसायला लागतो. म्हणून प्रत्येक एक्स्ट्रॅक्शनला (सँपलमधून डीएनए काढताना) एक ब्लँक लावायचा, म्हणजे दूध न घालता बाकी सगळं तसंच केलेली ट्यूब. ती ट्यूब पाठवली की कंपनीचा मेल ठरलेला: क्यूसी (दर्जाची तपासणी) फेल, डीएनए अपुरा, लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी डीएनएची तयारी) केली नाही. अहो, त्यात डीएनए नसल्यातच जमा असणार हे आम्हालाही ठाऊक आहे, पण जो कणभर आहे तो कुणाचा हेच तर बघायचंय! फोन केला, वेगळे पैसे देतो म्हटलं, तेव्हा कुठं ब्लँक लावला, तोही दुसऱ्याच रनमध्ये (मशीनच्या वेगळ्या फेरीत), म्हणजे त्या रनमधली भेसळ वेगळी आणि आमच्या सँपलमधली वेगळी. रिपोर्टमध्ये राल्स्टोनिया नावाचा बॅक्टेरिया ठळक दिसत होता. हा पाण्यात आणि किटमध्ये नेहमी सापडणारा गडी, पण तो दुधातला की ट्यूबमधला हे सांगायला आमच्या हातात काहीच नव्हतं. माझं मन तिथंच फिरलं.

मिनआयनवर, म्हणजे त्या छोट्या नॅनोपोर मशीनवर, हे आपल्या हातात राहतं. 16एसच्या किटमध्ये 24 बारकोड (सँपल वेगळे ओळखायच्या डीएनएच्या खुणा) असतात, त्यातले एक-दोन ब्लँकला, एक मॉक कम्युनिटीला (माहितीतल्या बॅक्टेरियांचं ठरलेलं मिश्रण), सगळं एकाच फ्लो सेलवर (मशीनमध्ये बसवायची चिप), कुणाची परवानगी लागत नाही. शिवाय 16एसचा जवळजवळ अख्खा जीन, साधारण 1500 बेस (डीएनएची अक्षरं), एका रीडमध्ये मिळतो, त्यामुळं स्टॅफिलोकोकसच्या जाती वेगळ्या काढायला जरा जास्त वाव असतो.

त्रास आहेतच. फ्लो सेल फ्रिजमध्ये ठेवून काही महिन्यांत संपवायला लागतो, म्हणून आल्या आल्या चालू पोअर (डीएनए वाचणारी बारीक भोकं) मोजून घ्या. यूपीएसशिवाय रन लावूच नका. 2019 आणि 2021 ला पंचगंगेच्या पुरानं हायवे बंद पडला होता, तेव्हा जुलै-ऑगस्टचं रीएजंट आधीच मागवून ठेवलेलं बरं. आणि प्रायमर (16एस जीनला चिकटून त्याच्या प्रती काढायला लागणारा डीएनएचा तुकडा) तपासा, जुना 27एफ प्रायमर बिफिडोबॅक्टेरियमला नीट बसत नाही आणि बाळाच्या आतड्यांचा विषय असला की नेमकं तेच हातचं जातं.

तरी माझा कल इथल्या कामाकडंच. अमेरिकेच्या ह्यूमन मायक्रोबायोम प्रोजेक्टनं 2012 मध्ये निरोगी माणसाचं चित्र मांडलं ते ह्यूस्टन आणि सेंट लुइसच्या 242 जणांवरून, त्यात दुधाचे सँपल नव्हतेच. मग कागल-गडहिंग्लजच्या बाळंतिणीच्या दुधात नॉर्मल काय हे इथल्याच कुणीतरी बघायला पाहिजे की नको? आमच्याकडची एमएस्सीची पोरगी आता लायब्ररी करते, बेसकॉलिंग (मशीनच्या सिग्नलची डीएनएच्या अक्षरांत उकल) लावते, ब्लँकमध्ये काय आलं ते स्वतः वाचून मला सांगते. कंपनीकडून रिपोर्टची पीडीएफ मागवून हे शिकता आलं नसतं असं मला तरी वाटतं.

पैसे मोजकेच असतील तर आधी उणे 80 चा फ्रीजर आणि बीड बीटर (बारीक मण्यांनी पेशी फोडणारं यंत्र) घ्या, मशीन नंतर. तोवर बाहेर पाठवायचंच झालं तर ब्लँक त्याच रनमध्ये लावणार, डीएनए कितीही कमी असला तरी लावणार, आणि फास्टक्यू फाइल्स (रीड्सचा कच्चा डेटा) देणार, हे ऑर्डर द्यायच्या आधी मेलवर लिहून घ्या.