अर्थ विचारून गोंदणारा स्टुडिओ

मनगटावर अर्धविराम गोंदवून घेण्यासाठी मी या स्टुडिओत गेले, तेव्हा सुई हातात घेण्याआधी कलाकाराने त्या चिन्हाचा अर्थ मला ठाऊक आहे ना, हे विचारले. वाक्य संपवता आले असते तरी लेखकाने ते पुढे चालू ठेवले, या कल्पनेतून ते २०१३ पासून मानसिक आरोग्याचे प्रतीक झाले आहे. भिंगरी पक्षी ही एकेकाळी ५,००० सागरी मैल पार केलेल्या खलाशाची खूण मानली जाई, हेही त्याच्याकडूनच कळले. स्टेन्सिल (गोंदण्याआधी त्वचेवर उमटवलेला आराखडा) दोनदा पुसून त्याने टिंब शिरेपासून किंचित बाजूला घेतले. रेषा स्वच्छ आल्या आहेत. मात्र अल्बममधील चिनी अक्षरांखाली अर्थच दिलेले नाहीत (नेमके तिथेच ते हवेत), आणि खपली धरल्यावर काय काळजी घ्यायची, हे निघताना मलाच विचारावे लागले.